घानाला कधी जायचं? आधी उत्तर की दक्षिण ते ठरवा

आम्ही पाच वर्षं अक्रात, म्हणजे घानाच्या राजधानीत राहिलो, ह्यांची नोकरी जवळच्या टेमा बंदरात होती, आणि त्या पाच वर्षांत दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी मेसेज यायचाच की अगं आम्ही यायचं म्हणतोय, कधी येऊ, बेस्ट सीझन कुठला. नाशिकला परत येऊन दोन वर्षं झाली तरी मेसेज चालूच आहेत, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते, कारण चुकीच्या महिन्यात आलेल्या माणसांची हळहळ मी जवळून बघितलीय आणि एवढा सुंदर देश कुणी कंटाळून बघू नये असं मनापासून वाटतं.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधी उत्तर सांगते. पहिल्यांदाच जाताय, दहा-बारा दिवस आहेत, आणि समुद्र, किल्ले, जंगल, उत्तरेकडचा भाग असं सगळंच थोडं थोडं बघायचंय, तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा. पाऊस संपलेला असतो, झाडं अजून हिरवी असतात, धुळीच्या वाऱ्याने जोर धरलेला नसतो आणि ख्रिसमसचे भाव सुरू व्हायचे असतात. पण सगळ्यांना त्या महिन्याभरात जाता येतं असं नाही आणि सगळ्यांना सगळंच बघायचं असतं असंही नाही, म्हणून पुढचं वाचा.

आपली पहिली चूक होते ती पावसाच्या बाबतीत. आपल्या डोक्यात पावसाळा म्हटलं की एकच, जूनमध्ये येणार, गणपतीपर्यंत राहणार आणि दसऱ्याच्या आसपास जाणार. घानाच्या दक्षिणेला, म्हणजे अक्रा, केप कोस्ट, कुमासी ह्या सगळ्या भागात, पावसाळे दोन असतात. मोठा एप्रिलपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत, त्यात जून सगळ्यात जोराचा, मग ऑगस्टमध्ये चक्क उघडीप, आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा छोटा पावसाळा. उत्तरेला, टमाले आणि त्याच्याही वर, मात्र आपल्यासारखा एकच असतो, मे ते ऑक्टोबर, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरपूर. कारण एकदा समजलं की लक्षात ठेवायला सोपं जातं: पावसाचा पट्टा सूर्याच्या मागे मागे उत्तरेला सरकतो आणि नंतर परत खाली येतो, तर दक्षिण भाग त्याच्या वाटेवर दोनदा लागतो, जाताना एकदा आणि येताना एकदा, आणि उत्तर टोकाला तो जाऊन वळतो म्हणून तिकडे एकदाच. म्हणजे ऑगस्टमध्ये अक्रात छत्री लागत नाही आणि त्याच आठवड्यात टमालेच्या वर शेतं पाण्यात असतात. "घानात ऑगस्टमध्ये पाऊस असतो का" ह्या प्रश्नाला म्हणूनच एका शब्दात उत्तर देता येत नाही, आधी कुठे जाणार ते सांगावं लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पाऊस किती. अक्रात वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पडतो, म्हणजे जवळजवळ पुण्याएवढाच. मुंबईसारखे चार-चार दिवस सूर्य न दिसण्याचे प्रकार तिथे फार कमी. तिथला पाऊस असा येतो की दुपारपर्यंत घामाने नको नको झालेलं असतं, मग पूर्वेकडून काळी भिंत सरकत येताना दिसते, आधी वारा सुटतो, रस्त्याकडेच्या टपऱ्यांवरचे पत्रे वाजायला लागतात, बायका डोक्यावरचे घमेल्यातले टोमॅटो घेऊन आडोशाला पळतात, आणि मग तासभर असा ओततो की समोरची गाडी दिसत नाही. आणि संपला की संपला, लगेच ऊन. त्यामुळे मोठ्या पावसाळ्यात सुद्धा दिवसाचा बराचसा वेळ फिरता येतं. पश्चिमेला आक्सिमच्या बाजूला मात्र २००० मिलिमीटरच्या वर पडतो, तो भाग आपल्या कोकणासारखा, तिकडचे समुद्रकिनारे मे-जूनमध्ये धरू नका.

पण अक्राचा जूनचा पाऊस हलक्यात घेऊ नका, हे मी फार कळकळीने सांगतेय. पाऊस एकूण कमी असला तरी एका संध्याकाळी एकदम पडतो, गटारं तुंबलेली असतात, ओडाव नदी फुगते आणि सर्कल, कानेशी ह्या भागात बघता बघता कमरेएवढं पाणी होतं. ३ जून २०१५ ला सर्कलजवळ अशाच पुराच्या रात्री लोक पावसापासून आडोसा म्हणून एका पेट्रोल पंपावर थांबले होते, तिथे स्फोट झाला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. अक्रातली माणसं ती तारीख विसरलेली नाहीत. म्हणून जूनमध्ये गेलात तर आभाळ भरून आल्यावर त्या भागातून जायचं नाही, हॉटेल उंचावरच्या भागात घ्यायचं, आणि परतीचं विमान रात्रीचं असेल तर दुपारीच एअरपोर्टच्या बाजूला सरकायचं.

माझे सासू-सासरे मे महिन्यात आले होते, पुतण्याला मे महिन्याची सुट्टी म्हणून. आम्ही उत्तरेला गेलोच नाही, फक्त अक्रा, केप कोस्ट, एल्मिना आणि काकुमचं जंगल केलं आणि छान झालं. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधायला घेतला, आणि त्याच्या तळघरात, जिथे गुलाम म्हणून विकायला नेलेली माणसं कोंडायचे, तिथे उभं राहायला कुठलाही सीझन चालतो, पाऊस असला तरी काही बिघडत नाही. सासरे तिथून बाहेर आले ते पुढचा तासभर कुणाशी बोलले नाहीत. मेमध्ये अजून एक चांगलं म्हणजे आंब्याचा सीझन असतो, आपल्यासारखाच, आणि पाऊस सुरू झाला की रस्त्यावर कोळशावर भाजलेली कणसं मिळायला लागतात, पण तिखट-मीठ-लिंबू नाही, तिथे कणसाबरोबर ओल्या खोबऱ्याचा तुकडा देतात. एक घास कणसाचा, एक खोबऱ्याचा. सासूबाईंना ते इतकं आवडलं की आता घरी पण तसंच खातात. काकुमला मात्र सकाळी पहिल्या बॅचला गेलो. तिथला झाडांच्या शेंड्यावरून जाणारा झुलता रस्ता म्हणजे सात पूल, सगळे मिळून साडेतीनशे मीटर, जमिनीपासून काही ठिकाणी चाळीस मीटर उंच, आणि पायाखाली एक फळी. ओली फळी निसरडी होते आणि विजा असल्या की सोडत नाहीत, म्हणून पावसाळ्यात सकाळच, दुपारच्या भरवशावर राहायचं नाही.

आता हरमॅटन. हा शब्द पाठच करून ठेवा, कारण डिसेंबर-जानेवारीला तिकीट काढणाऱ्या लोकांना कुणी हे सांगतच नाही. नोव्हेंबरच्या शेवटापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत सहाराकडून कोरडा वारा येतो आणि येताना वाळवंटातली बारीक धूळ घेऊन येतो. जोर डिसेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत. उत्तरेला जास्त, अक्रात मधूनमधून. सूर्य दिसतो पण चंद्रासारखा पांढरा गोल, टेबल सकाळी पुसलं तर दुपारी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं, ओठ फुटतात, धुणं तासाभरात कडक वाळतं, लाकडी दारं रात्री करकरतात. आणि गार सुद्धा होतं बरं का! आफ्रिका म्हणून आपण नुसते सुती कपडे घेऊन जातो, पण टमालेला जानेवारीत पहाटे उठले तर माझ्या बाटलीतलं खोबरेल तेल थिजून पांढरं झालेलं. दुपारी परत पस्तीसच्या वर. अंगाला लावायला तिथलं शिया बटर घ्या, उत्तरेतल्या बायका घरी करतात, बाजारात सुट्टं मिळतं, त्याच्यासारखा दुसरा उपाय नाही.

माझा भाऊ आणि वहिनी ख्रिसमसच्या सुट्टीत आले तेव्हा सगळंच एकत्र आलं. वहिनीला दम्याचा त्रास आहे, तिला तिसऱ्या दिवसापासून पंप लागायला लागला. टमालेहून परतायचं विमान धुळीमुळे दिसत नाही म्हणून आधी चार तास लेट आणि मग रद्द, आम्ही दीड दिवस टमालेत अडकलो आणि त्यांचं पुढचं मुंबईचं कनेक्शन थोडक्यात वाचलं. शिवाय अक्रात त्या दिवसांत परदेशात राहणारे घानाचे लोक आणि अमेरिकेतून येणारे पाहुणे ह्यांची इतकी गर्दी की हॉटेलचे दर दुप्पट आणि दहा किलोमीटरला दोन तास. २०१९ मध्ये सरकारने इयर ऑफ रिटर्न साजरं केलं, गुलाम म्हणून नेलेल्यांच्या वंशजांना परत बोलावलं, तेव्हापासून डिसेंबर हा तिथला पार्टीचा महिनाच झालाय, त्याला डेटी डिसेंबर म्हणतात. तुम्ही तरुण असाल, संगीत-डान्स-रात्रभर जागणं हेच हवं असेल तर त्यासारखी मजा कुठेच नाही, नक्की जा, फक्त तिकीट आणि खोली पाच-सहा महिने आधी घ्या. पण लहान मुलं, म्हातारी माणसं, दमा, ह्यातलं काही असेल तर २० डिसेंबर ते ५ जानेवारी टाळाच. आणि हरमॅटनमध्ये उत्तरेला विमानाने जाणार असाल तर परतीच्या इंटरनॅशनल फ्लाइटच्या आधी पूर्ण एक दिवस मोकळा ठेवा, दोन असले तर अजून बरं.

मग एवढं असून हरमॅटनमध्ये उत्तरेला जायचंच कशाला? हत्तींसाठी. मोले नॅशनल पार्क साधारण ४८०० चौरस किलोमीटरचं आहे, टमालेपासून गाडीने दोन-अडीच तास, आणि तिथे प्राणी बघायचे तर जानेवारी ते मार्च हाच काळ. कारण साधं आहे, पावसाळ्यात जंगलात जागोजागी पाणी असतं, प्राणी कुठेही पांगतात आणि गवत माणसाच्या डोक्याएवढं होतं, हत्ती वीस फुटांवर उभा असला तरी दिसत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गवत वाळतं, जळतं, पाणवठे आटत जातात आणि मग सगळे उरलेल्या पाण्याकडे येतात. तिथलं हॉटेल एका कड्यावर आहे आणि खाली दोन पाणवठे. आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो, दुपारी दोनला, उन्हाने डोळे उघडवत नव्हते, आणि पाच हत्ती रांगेने आले, पाण्यात शिरले, सगळ्यात मोठा पूर्ण बुडाला, नुसती सोंड वर. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची, ती कड्यावरच्या कठड्याला धरून पाऊण तास उभी होती, पाणी प्यायला पण हलली नाही. बंदूकवाल्या रेंजरबरोबर पायी पण नेतात, त्यासाठी सकाळी लवकरची वेळ घ्या आणि पूर्ण बंद बूट घाला. ज्यांना मोलेच मुख्य आहे त्यांनी मी वर सांगितलेला नोव्हेंबर विसरून जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी धरावा, धूळ सहन करावी, हत्ती त्याच्या दसपट देतात. मार्च-एप्रिलमध्ये प्राणी दिसतात पण टमालेच्या वर पारा चाळीसला टेकतो, विदर्भातल्या माणसांना जमेल, बाकीच्यांनी विचार करून जा. आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उत्तरेला नकोच, पाऊस असतोच, शिवाय वर बुर्किना फासोमधल्या बाग्रे धरणाचं पाणी सोडलं की व्हाइट व्होल्टा नदीच्या काठची गावं पाण्याखाली जातात.

रस्त्यांचं पण ह्याच्यातच सांगते. डांबरी हायवे बऱ्यापैकी आहेत, पण आत वळलात की लाल माती, अगदी आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्याची असते तशीच, बघून गावाची आठवण येते. पावसात तिचा चिखल, गाडी रुतते, आणि जानेवारीत तिची धूळ, केस लाल होतात. गावाकडची ठिकाणं जास्त असतील तर पावसात उंच गाडी आणि तिथलाच ड्रायव्हर घ्या.

आता माझा स्वतःचा लाडका महिना सांगते, ऑगस्ट, पण फक्त दक्षिणेसाठी. कुणीच सुचवत नाही म्हणून मला जास्त सांगावंसं वाटतं. त्या दिवसांत घानाच्या किनाऱ्यालगत समुद्राच्या तळाकडचं थंड पाणी वर येतं, त्यामुळे हवा गार, ढगाळ, पाऊस जवळजवळ नाही, अक्रात दुपारी २७-२८ डिग्री. वर्षातले सगळ्यात सुखाचे दिवस. त्याच थंड पाण्यामुळे मासळी पण भरपूर, एल्मिनाला पुलावर उभं राहून बघा, रंगीत लांबच लांब होड्या, त्यावर झेंडे, बायका टोपल्या घेऊन किनाऱ्यावर थांबलेल्या, आपल्या कोळीवाड्याची सकाळच. मंगळवारी मात्र समुद्राचा सुट्टीचा वार मानतात, बहुतेक कुणी होडी घालत नाही, त्या दिवशी जाळी शिवत बसलेली माणसं दिसतील. पोहण्यासाठी मात्र ऑगस्ट नाही, लाटा मोठ्या असतात आणि तसंही गिनीच्या आखातात ओढ फार आहे, कुठल्याही महिन्यात तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय कमरेच्या पुढे जाऊ नका.

ऑगस्टमध्येच अक्रातल्या गा लोकांचा होमोवो असतो. होमोवो म्हणजे भुकेची खिल्ली उडवणं, जुन्या दुष्काळाची आठवण म्हणून मक्याच्या पिठाचं क्पोक्पोई करतात आणि ते रस्त्यावर शिंपडतात, पूर्वजांसाठी. ह्याच्या आधी, साधारण मे-जूनमध्ये, महिनाभर अक्रात ढोल आणि मोठ्या आवाजाचं संगीत बंद असतं, तेव्हा लाइव्ह म्युझिक ऐकायला म्हणून येणाऱ्यांनी ती तारीख बघूनच यावं. चाले वोते हा स्ट्रीट आर्टचा उत्सव पण ऑगस्टमध्येच, जेम्सटाउनमध्ये २०११ ला सुरू झाला. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी केप कोस्टला फेतू अफाह्ये, हा तिथला मोठा उत्सव. आणि ऑगस्ट-सप्टेंबरात आपले गणपती! अक्रात घानाचेच हिंदू लोक आहेत, त्यांचा मठ १९७५ पासून आहे, ते गणपती बसवतात आणि समुद्रात विसर्जन करतात. परक्या किनाऱ्यावर, परक्या भाषेतल्या गाण्यांच्या मधोमध आपली मूर्ती लाटांत जाताना बघून मला रडू आलं होतं, अजून आठवलं की येतं.

कुमासीचं वेगळं आहे, तिथे महिना नाही, रविवार बघायचा. दर सहा आठवड्यांनी एका रविवारी अक्वासिदाए असतो, मानह्या राजवाड्यात असांते राजा, म्हणजे असांतेहेने, छत्र्यांखाली बसतो, सोन्याचे दागिने, ढोल, केंते म्हणजे तिथलं हातमागाचं रंगीत कापड. तारखा वर्षाच्या आधीच ठरलेल्या असतात, त्या काढा आणि बाकीची ट्रिप तिच्याभोवती बसवा. एका दिवसाने चुकलात तर पुढचे सहा आठवडे नाही. पावसाळ्यात आला तरी हा चुकवू नका.

धबधब्यांचं मात्र उलटं गणित. व्होल्टा भागातला व्ली, घानातला सगळ्यात उंच, त्याच्याकडे जाणारी वाट जंगलातून सपाट आहे, एकच ओढा छोट्या छोट्या पुलांवरून परत परत ओलांडायचा, आणि वर कड्याला वटवाघळं हजारोंनी लटकलेली. जून ते ऑक्टोबर तो असा कोसळतो की जवळ उभं राहिलं तरी भिजायला होतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये बारीक धार. नोव्हेंबरमध्ये अजून छान असतो, हे पण एक कारण मी नोव्हेंबर म्हणते त्याचं. कोकोची शेती बघायची तरी ऑक्टोबर ते डिसेंबरच, मुख्य तोडणी तेव्हा असते, पिवळी झालेली फळं कोयत्याने फोडून बिया केळीच्या पानांत झाकून पाच-सहा दिवस आंबवतात आणि मग बांबूच्या चटयांवर वाळत घालतात. त्या आंबलेल्या बियांचा वास आणि चॉकलेटचा वास ह्यांचा एकमेकांशी काही संबंध वाटत नाही, मुलांना जरूर दाखवा.

आता आपल्या सुट्ट्यांशी जुळवून सांगायचं तर: दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरकडे झुकलेली असेल त्या वर्षी डोळे मिटून जा, ऑक्टोबरात असेल तर दक्षिणेला संध्याकाळची एखादी सर धरून चला आणि मोले सोडा. मेच्या सुट्टीत दक्षिण, आणि ती पण महिन्याच्या सुरुवातीला. मुलं मोठी होऊन घराबाहेर असतील, तुम्ही दोघंच असाल, तर फेब्रुवारी.

शाकाहारी लोकांनी कुठल्याच सीझनला घाबरू नका, रेड-रेड म्हणजे चवळीची उसळच, पाम तेलातली, बरोबर तळलेली पिकलेली केळी, आणि केलेवेले म्हणजे आलं-मिरची लावून तळलेली केळी. फक्त "मासे नको" हे रेड-रेड मागताना वेगळं सांगा, बऱ्याच ठिकाणी वाळलेल्या मासळीची पूड त्यात असते.

शेवटी तारीख ठरली की लगेच करायची कामं. पिवळ्या तापाची, म्हणजे यलो फीव्हरची लस, प्रवासाच्या कमीत कमी दहा दिवस आधी, आणि ती फक्त सरकारमान्य केंद्रातच मिळते, तिथे नंबर लागतात म्हणून महिना-दीड महिना आधी फोन करा. ते पिवळं कार्ड आता आयुष्यभर चालतं. घानात शिरताना तर दाखवावं लागतंच पण आपल्याकडे परत येताना पण बघतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात, म्हणून चेक-इन बॅगेत नाही, पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा. डिसेंबर ते जून ह्या दिवसांत उत्तरेला जाणार असाल तर मेनिंजायटिसच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा, तो भाग त्या पट्ट्यात येतो. मलेरिया बाराही महिने आहे, पावसात आणि पावसानंतर जास्त. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तशा जायच्या आधी सुरू करायच्या आणि परत आल्यावरही सांगतील तितके दिवस पूर्ण करायच्या, घरी आलो म्हणून बंद करायच्या नाहीत. आणि परत आल्यावर पुढच्या दोन-तीन महिन्यांत कधीही ताप आला तर व्हायरल असेल म्हणून क्रोसिन घेऊन बसू नका, त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मी आफ्रिकेत जाऊन आलोय.